टब निघाला, अर्ज मात्र अजून गेलेलाच नाही

इंग्लंडमधल्या एका वाचकाचं पत्र आहे. आई पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहे आणि कायमची त्यांच्याकडेच राहते. घर त्यांच्या नावावर. सात महिन्यांपूर्वी त्यांनी काउन्सिलला (तिथल्या स्थानिक पालिकेला) फोन केला, त्यानंतर ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारी-अपंग माणसाला घरातली रोजची कामं कशी जमतील ते पाहणाऱ्या तज्ज्ञ) येऊन गेल्या. टब काढून सपाट फरशीचा शॉवर करा, असं त्यांनी सांगितलं. पुढे काहीच हललं नाही, म्हणून यांनी बिल्डरला ॲडव्हान्स दिला आणि सोमवारी जुना टब निघालासुद्धा. आता विचारतात, पूर्ण बिल काउन्सिलकडून मिळेल का?

अशा अर्थाची पत्रं सारखी येतात, आणि बहुतेक वेळा काम आटोपल्यावर येतात. तुमचं अजून अर्धवट आहे. तेव्हा आधी बिल्डरला फोन करून काम थांबवा, मग पुढचं वाचा.

डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट, म्हणजे अपंग व्यक्तीसाठी घरात बदल करायला काउन्सिल देते ते अनुदान, १९९६ च्या ज्या कायद्याखाली मिळते, त्याच्या कलम २९ वर तुमचं सगळं अवलंबून आहे. मंजुरीच्या आधी काम सुरू झालं असेल, तर काउन्सिलने अर्ज मंजूर करायचा नाही. काम पूर्ण झालं असेल, तर तुमच्यासारख्या प्रकरणात दारच बंद. अर्धवट असेल तर एक वाट उरते. मंजुरीची वाट न पाहता काम सुरू करायला सबळ कारण होतं, अशी खात्री पटली तर काउन्सिल अर्ज मंजूर करू शकते. करायलाच हवा, असं कायदा म्हणत नाही. झालेला भाग तुमच्या संमतीने अर्जातून वगळून उरलेल्या कामापुरती ग्रँटही देता येते. म्हणून टब काढण्याचा खर्च गेला असं समजा. शॉवर, फरशीचा उतार, ड्रेनेज, रुंद दार हे वाचवायचं आहे. नुसता ॲडव्हान्स देणं म्हणजे काम सुरू करणं नव्हे, असं म्हणता येईल. टब उखडल्यावर तो मुद्दा टिकणं कठीण.

सबळ कारण कोणतं? ‘काउन्सिल उशीर करत होती’ एवढंच लिहिलंत तर ते तोकडं पडेल. तुमच्या पत्राच्या अगदी तळाशी, ताजा कलमाखाली एक ओळ आहे: टबात उतरवताना आई घसरली आणि तुम्ही एकट्याने तिला उचललं. अहो, पूर्ण पत्रात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे! अर्जासोबतच्या पत्रात ते सगळ्यात वर हवं. तारीख, कुठे लागलं, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) कधी नेलं, सगळं लिहा. सोबत हॉस्पिटलचं डिस्चार्ज लेटर, थेरपिस्टचा रिपोर्ट आणि बाथरूम आज ज्या अवस्थेत आहे त्याचे फोटो जोडा.

आता त्या सात महिन्यांबद्दल. रीतसर अर्ज पोचल्यापासून सहा महिन्यांच्या आत काउन्सिलने लेखी निर्णय द्यायला हवा. तुमचा फोन म्हणजे अर्ज नव्हे, थेरपिस्टची भेटही नव्हे. म्हणजे ही मुदत अजून सुरूच झालेली नाही, आणि सात महिन्यांत तुम्ही एकदाही लेखी फॉर्म मागितला नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. ‘रिपोर्ट येऊ द्या, मग फॉर्म पाठवू’ असं सांगून आजारी माणसांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवतात. हे चूक आहे. आजच ईमेलने फॉर्म मागा. फॉर्मसोबत साधारणपणे दोन वेगवेगळ्या कंत्राटदारांची कोटेशनं लागतात, आणि आई पुढची पाच वर्षं, किंवा तब्येत साथ देईल तोवर, याच घरात राहणार असं मालक म्हणून तुमचं प्रमाणपत्र. फॉर्म द्यायला किंवा घ्यायला टाळाटाळ झाली, तर आधी काउन्सिलकडे लेखी तक्रार आणि मग लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन (काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी). तिथे पैसे लागत नाहीत.

तुमचा पगार चांगला आहे म्हणून कचरू नका. उत्पन्नाची चाचणी आईची (आणि जोडीदार असेल तर त्याची) होते, मुलाची नाही. इंग्लंडमध्ये कमाल ग्रँट ३०,००० पौंड. काम सहसा ज्याचं कोटेशन जोडलं त्याच कंत्राटदाराकडून आणि मंजुरीपासून १२ महिन्यांत व्हावं लागतं. घरच्या माणसाचं बिल चालत नाही. ग्रँट ५,००० पौंडांच्या वर गेली आणि दहा वर्षांत घर विकलंत, तर वरच्या रकमेतले १०,००० पौंडांपर्यंत परत मागण्याची अट काउन्सिल घालू शकते. आई कोणत्या व्हिसावर आहे, ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर सरकारी मदतीबद्दल काही अट असेल, तर फॉर्मवर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला कागद दाखवा.

राहता राहिली आईची रोजची आंघोळ, कारण टब गेला आणि शॉवर नाही. काउन्सिलच्या सोशल केअर विभागाकडे केअर ॲक्टखाली (गरजू प्रौढांच्या देखभालीच्या कायद्याखाली) वेगळी मागणी करा. गरज मान्य झाली की शॉवर चेअर, कमोडसारखी साधनं आणि १,००० पौंडांपर्यंतचे पकडदांड्यांसारखे छोटे बदल मोफत करून द्यावे लागतात. त्यासाठी ग्रँटच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. त्या ईमेलमध्येही आई पडल्याची तारीख पहिल्याच ओळीत लिहा.