शेफील्डचे लोक 'बस'ला 'बुस' म्हणतात, हे अशुद्ध इंग्रजी आहे का?

तुम्ही शेफील्डला शिकायला नुकत्याच आला आहात, आणि तुमचा प्रश्न असा आहे की इथले लोक 'बस'ला 'बुस', 'कप'ला 'कुप' म्हणतात, हे गावंढळ इंग्रजी आहे का आणि आपण लंडनसारखं बोलायला शिकावं का. मी शेजारच्या लीड्समध्ये बरीच वर्षं नर्स आहे. दिवसभर यॉर्कशरच्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या या आपल्या परगण्याच्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलते, आणि त्यांच्या बोलण्याला कोणी अशुद्ध म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

अशुद्ध अजिबात नाही. उलट, तो 'उ' लंडनच्या 'अ'पेक्षा जुना आहे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत कप, सन, लव्ह, कम अशा शब्दांत सगळ्या इंग्लंडभर आखूड 'उ'च होता. सतराव्या शतकात दक्षिणेत, लंडनच्या बाजूला, हा 'उ' सैल होत होत आपल्या 'अ'जवळ आला. पण सगळ्या शब्दांत नाही. प, ब, फ म्हणताना ओठ लागतात, त्यामुळे त्यांच्या पुढचा 'उ' बऱ्याच ठिकाणी टिकला: पुट, पुल, फुल, बुश. 'बीयूटी बट, तर पीयूटी पुट का?' हा आपल्याला शाळेत पडणारा प्रश्न या अर्धवट बदलातून आलेला आहे. उत्तरेत तो बदल पोचलाच नाही, त्यामुळे इथल्या पोरांना हा प्रश्न पडत नाही. त्यांच्या तोंडी 'बुट' आणि 'पुट' यांचं यमक जुळतं.

सन (मुलगा), लव्ह, कम यांच्या स्पेलिंगमध्ये 'ओ' का, तर जुन्या हस्तलिखितांत यू, एन, एम, व्ही ही अक्षरं सारख्याच उभ्या दांड्यांची दिसायची. वाचताना गोंधळ नको म्हणून लेखनिक 'यू'च्या जागी 'ओ' लिहीत. म्हणजे दुकानदार तुम्हाला 'लुव्ह' म्हणतो तेव्हा तो स्पेलिंगच्याही आधीचा उच्चार करतो. (आणि हो, तो सगळ्यांनाच 'लुव्ह' म्हणतो. शेफील्डमध्ये 'डुक'सुद्धा म्हणतील, म्हणजे बदक. दोन्ही मायेने म्हणतात, दचकू नका.)

दुसरा फरक बाथ, ग्रास, लास्ट या शब्दांतला. इथे तो स्वर आखूड असतो, 'बॅथ'कडे झुकलेला. दक्षिणेने तो लांबवला, तोही या 'उ'च्या बदलानंतर. आपल्याकडे इंग्रजी आलं ते मुख्यतः दक्षिणेच्या वळणाचं, म्हणून मराठीत क्लास, पास, ग्लास असे लांब 'आ'चे शब्द रुजले. त्यामुळे इथलं बोलणं आपल्या कानाला चुकल्यासारखं वाटतं. पश्चिमेला सेव्हर्न नदीच्या मुखापासून पूर्वेला वॉशच्या आखातापर्यंत ढोबळ रेघ ओढा. तिच्या वर कोट्यवधी इंग्रज असंच बोलतात. प्राध्यापक, डॉक्टर, वकील सगळे.

मग लंडनचं ते 'शुद्ध' कसं झालं? दरबार तिथे, छापखाने तिथे, पैसा तिथे. पुढे महागड्या निवासी शाळांनी तोच उच्चार घोटवून घेतला. ध्वनितज्ज्ञ डॅनियल जोन्सने 1917 साली उच्चारांचा कोश काढला, तेव्हा त्यात नोंदलेल्या उच्चाराला त्या शाळांचंच नाव दिलं होतं. नंतर बीबीसीनेही तोच उचलला. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्सला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. त्याने आपले यॉर्कशरचे स्वर तसेच ठेवले, तर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. हॅलिफॅक्स तुमच्यापासून फार लांब नाही. इथल्या जुन्या माणसांना आपल्या बोलीबद्दल हळवेपणा का आहे, हे यावरून समजेल.

उत्तर इंग्लंड म्हणजे सगळं एक, असंही नाही. लिव्हरपूलमध्ये 'बॅक'चा शेवट 'ख'सारखा घशातून येतो, आणि न्यूकॅसल तर वेगळंच प्रकरण आहे. यॉर्कशरमध्ये 'द' (the) हा शब्द जवळजवळ गिळतात, नुसता एक झटका ऐकू येतो. माझ्या वॉर्डात 'नथिंग'ला 'नाउट', 'एनिथिंग'ला 'आउट' आणि 'समथिंग'ला 'सुमत' म्हणणारे पेशंट रोज भेटतात. 'काही हवंय का?' असं विचारलं की 'नाउट' येतं. सुरुवातीला ते 'नॉट'सारखं वाटतं. हे तीन शब्द आधी पाठ करा, निम्मी धास्ती जाईल.

आता तुम्ही कसं बोलावं. लंडनची नक्कल करू नका, यॉर्कशरचीही नको. स्वर मराठी राहिले तरी लोकांना कळतं. अडतं ते दुसऱ्याच दोन जागी. एक, आपण शब्दाच्या सगळ्या भागांवर सारखा जोर देतो. इंग्रज कान जोरावरून शब्द ओळखतो: 'होटेल'मध्ये 'टे'वर, 'डेव्हलप'मध्ये मधल्या 'व्ह'वर. जोर चुकला की शब्दच हरवतो. दोन, शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क ते किंचित 'ह' मिसळून म्हणतात. आपला कोरडा 'प' त्यांना 'ब' वाटू शकतो, मग 'पिन'चं 'बिन' होतं आणि 'कोट'चं 'गोट'. एवढं सुधारलंत तर 'पुन्हा सांगा' हे फार कमी वेळा ऐकावं लागेल.

फोनवरचं बोलणं सगळ्यात शेवटी जमतं, कारण समोरच्याचे ओठ दिसत नाहीत. बँक, घरमालक, दवाखाना यांची कामं सध्या शक्यतो समोर जाऊन करा, आणि तारीख, वेळ, पत्ता लिहून मागा. इथे त्याचं कोणाला वावगं वाटत नाही.