वाचकांचे प्रश्न : माथ्यावरून शिकारी पक्षी मोजताना

प्रश्न : मार्चमध्ये अंजनेरीवर तासाभरात तीस-चाळीस घारी आणि गिधाडे दिसली. हे स्थलांतर म्हणून नोंदवावे का? (एक वाचक, त्र्यंबक रोड)

उत्तर : नको. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात आणि नाशकात घारी बारमाही असतात. एकच घार दहा मिनिटांत तीनदा समोरून जाते आणि वहीत तिच्या तीन होतात. स्थलांतराच्या मोजणीत दिसलेला पक्षी धरत नाहीत, ओलांडून गेलेला धरतात. पश्चिमेला ब्रह्मगिरी आणि पूर्वेला पांडवलेण्यांचा डोंगर यांच्यामध्ये मनात एक रेघ ओढा. ती ओलांडून उत्तरेला गेला की अधिक एक, दक्षिणेला परतला की उणे एक. इथल्या घारींची ये-जा अशी बरीचशी आपोआप वजा होते. समोरच घिरट्या घालणारी गिधाडे वेगळ्या पानावर लिहा, बेरजेत घेऊ नका.

प्रश्न : किती वाजता बसावे? सामान काय लागते? (सिन्नर)

उत्तर : ऊन तापून गरम हवा वर चढू लागेपर्यंत मोठे पंख असलेले गरुड फारसे हलत नाहीत. म्हणून साडेआठला जागेवर असा आणि किमान एकपर्यंत थांबा. ८×४२ ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. १०× ने पक्षी मोठा दिसतो, पण दृश्य आक्रसते आणि हात थरथरला की सगळेच हलते. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) असला तर सकाळीच वापरून घ्या. दुपारी तापलेल्या हवेच्या लाटांत त्यातून नुसता चिखल दिसतो.

आधी क्षितिजालगत डावीकडून उजवीकडे दुर्बीण फिरवा. मग अर्धे दृश्य वर सरकून परत उलटे या. डोक्यावरचा भाग सगळ्यांच्याच हातून सुटतो, कारण मान दुखते. तिथे पाठीवर झोपून बघावे. निरभ्र निळ्या आकाशात उंचावरचा पक्षी विरून जातो, पातळ पांढऱ्या ढगांवर मात्र तो ठळक उठतो. त्यामुळे ढगाळ दिवशी आकडा वाढला म्हणून पक्षी वाढले असे समजू नका. दर तासाला वाऱ्याची दिशा, ढग आणि मोजणाऱ्यांची संख्या टिपा. एकही पक्षी गेला नाही तर शून्य लिहा. रिकामी जागा सोडली तर पुढे कोणालाच कळत नाही की पक्षी नव्हते की माणूस नव्हता.

प्रश्न : गिरक्या घेणारा थवा मोजताना गोंधळ होतो. (सटाणा)

उत्तर : गिरक्या चालू असताना मोजूच नका. पक्षी गरम हवेच्या खांबात वर चढतात आणि त्या खांबाच्या माथ्यावरून पंख पसरून ओळीने सुटतात. ती ओळ मोजायची असते. थवा मोठा असेल तर दहा पक्षी मोजून डोळ्यांत तेवढी लांबी धरा आणि पुढे दहा-दहाचे तुकडे पाडा. हातात टॅली काउंटर (दर दाबाला एक आकडा वाढवणारे छोटे यंत्र) असावा. एकाने बघावे, दुसऱ्याने लिहावे. वहीत डोके घातले की नेमका तेव्हाच पुढचा पक्षी निघून जातो.

प्रश्न : माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या (हॅरियर, लांब शेपटीचा शिकारी पक्षी) यांच्या माद्या कशा ओळखाव्यात? (इगतपुरी)

उत्तर : दूरवरून बहुतेक वेळा ओळखू येत नाहीत. दोघींच्या शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा असतो. 'भोवत्या, माँटेग्यूचा किंवा पांढुरका' असे लिहिणे अंदाजाने नाव ठोकण्यापेक्षा कितीतरी बरे. घारीपासून भोवत्या वेगळा काढणे सोपे आहे. घारीची शेपटी दुभंगलेली असते, भोवत्याची लांब असते आणि तरंगताना त्याचे पंख उथळ 'व्ही'सारखे वर उचललेले असतात. भोवत्ये पंख मारतही लांब पल्ला गाठतात, म्हणून त्यांना डोंगराच्या धारेची गरुडांइतकी गरज नसते. त्यांची खरी मोजणी संध्याकाळी गवताळ माळावर, ते मुक्कामाला उतरतात तिथे होते. एप्रिलमध्ये ते माळ रिकामे होऊ लागतात.

प्रश्न : परदेशात दिवसाला हजारो मोजतात, इथे का नाही? (गंगापूर रोड)

उत्तर : अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या हॉक माउंटनवर 1934 पासून मोजणी चालते. तिथे डोंगराच्या लांब धारेवर आदळून वर चढणारा वारा पक्ष्यांना एका वाटेवर आणतो. आपल्याकडे पक्षी रुंद पट्ट्यात पसरून जातात, त्यामुळे ताशी एखाददुसरा मिळाला तरी ते मोजणी फसल्याचे लक्षण नाही. आणि अंजनेरी हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे. वन विभागाला विचारून जा, मार्च-एप्रिलमध्ये घरट्यांत पिल्ले असतात तेव्हा कड्याच्या काठाशी बसू नका, ड्रोन तर नकोच. डबा मात्र पिशवीच्या तळाशी ठेवा, तिथली माकडे दुर्बिणीपेक्षा पोळीवर अधिक लक्ष ठेवून असतात.