बारावीतल्या मुलीचा साठीनंतरचा रिपोर्ट

तुमच्या पत्रात मुलीचे मार्क एका ओळीत उरकलेत आणि लाळेवरून केलेल्या जनुक-तपासणीच्या रिपोर्टला दीड पान दिलंय. तुमच्या आईंच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय, त्यांना दाराची चौकट दिसते पण दारातलं माणूस ओळखू येत नाही. म्हणून तुम्ही घरी किट मागवून मुलीची तपासणी केलीत. 'सीएफएच' जनुकाच्या दोन्ही प्रती धोक्याच्या निघाल्या. आता तिनं डिझाइनला जायचं नाही, कारण तिथे दिवसभर स्क्रीन. त्यापेक्षा बँकेच्या परीक्षा द्याव्यात. बँकेत काय पाटी-पेन्सिलीवर कामं चालतात?

पण मी अडलो ते दुसऱ्याच वाक्यावर. 'तिला व्हिटॅमिनची तपासणी आहे असं सांगितलं.' म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीचं जनुक तिला न विचारता तपासलंत आणि निकाल तिच्यापासून लपवून त्यावर तिचं करिअर ठरवताय. ती बिचारी समजत असेल, बाबांना माझी चित्रं आवडत नाहीत.

आता रिपोर्टबद्दल. या जनुकातल्या एका अक्षराच्या फरकाचा मॅक्युलर डिजनरेशनशी, म्हणजे तुमच्या आईंच्या पडद्याच्या आजाराशी, संबंध २००५ मध्ये उघड झाला. त्याचं प्रथिन प्रतिकारशक्तीच्या एका भागाला लगाम घालतं. फरक असला की लगाम सैल पडतो आणि वय वाढेल तशी पडद्याखाली सूज, साका धरायला मदत होते. दोन्ही प्रती धोक्याच्या असतील तर धोका साधारण सहापट. पण कशाच्या सहापट? हा आजार पन्नाशीनंतरचा. दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्या कितीतरी लोकांना तो कधीच होत नाही. २०१६ पर्यंत असे ३४ जनुकीय भाग सापडले होते, त्यातल्या एकावरून भविष्य सांगणं म्हणजे एका घरावरून पत्रिका जुळवणं. स्क्रीननं डोळे थकतात, कोरडे पडतात. हा आजार त्यानं होत नाही. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीनंही ही चाचणी सरसकट करू नका असंच सांगितलंय.

यूसीड आणि एनआयडीची डॅट या डिझाइनच्या प्रवेश परीक्षा, दोन्ही फॉर्म भरू द्या. उपयोजित कलेची राज्याची सीईटीही आहे. बारावी सायन्स आड येत नाही.

आणि एक हिशेब तुमच्या नजरेतून सुटलाय. मुलीच्या दोन्ही प्रती धोक्याच्या आहेत, म्हणजे एक तिच्या आईकडून आली आणि एक तुमच्याकडून. तुमच्या आईंना आजार आहे, तुम्ही एकोणपन्नास वर्षांचे, आणि पत्रात सहज लिहून गेलात की रात्री गॅलरीत सिगारेट ओढताना हाच विचार चालतो. या आजारात आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण तीच सिगारेट. ती सोडा आणि पडद्याची तपासणी स्वतःची करून घ्या. जाताना मुलीला सोबत न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर बराच वेळ डोळे मिटून बाकावर बसवतात. व्हिटॅमिनचं खरं काय ते तिला तेव्हाच सांगून टाका.