आधी गीझर, मग झाड

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गुहागरला तीन खोल्यांचं होमस्टे आहे, नाताळच्या आठवड्यात मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी ख्रिसमस ट्री लावायचं मनात आहे. कुठल्याशा प्रशिक्षणात 'ज्याला ट्री सजवता येतं त्याला धंदा चालवता येतो' असं ऐकलंत. त्यात तथ्य किती, आणि हा खर्च परवडतो का?

माझ्याकडे वेंगुर्ल्याला चार खोल्या आणि घरगुती खानावळ आहे. झाड सहा वर्षं लावतेय. ते वाक्य वाचून हसू आलं, कारण पहिल्या वर्षी झाडावर ज्या चुका केल्या, त्या सगळ्या धंद्यात माझ्या आधीच करून झाल्या होत्या. झाडाने त्या एका संध्याकाळी परत दाखवल्या, एवढंच.

खर्चाचं आधी सांगते. झाडामुळे खोली भरत नाही. पाहुणा समुद्रासाठी आणि सुरमईसाठी येतो, आणि गरम पाणी नसलं की रुसतो. पहिल्या वर्षी दोन नंबरच्या खोलीचा गीझर बिघडलेला होता आणि मी बाजारात चमकते गोळे निवडत बसले होते. पाहुण्यांनी झाडासोबत फोटो काढले, आणि जाताना वहीत लिहिलं ते आंघोळीला बादलीने पाणी आणावं लागल्याचं. तेव्हापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गीझर, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी आणि मासेवालीशी बोलणी एवढं उरकते. त्यातून पैसे उरले तर झाडाला. पाच फुटी प्लास्टिकचं झाड एकदाच घ्या आणि त्याचा खर्च पाच वर्षांवर वाटून मांडा. माझं वर्षाला एका सुरमई थाळीच्या भावात पडतं. इतपत हौस धंद्याला सोसते.

किनाऱ्यावर रांगेने सुरूची झाडं उभी असताना प्लास्टिक कशाला, असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण ती बनं वारा आणि वाळू अडवायला लावलेली असतात, त्यांना हात लावू नका. मी वाऱ्याने पडलेली एक फांदी आणली होती. सुरू दिसतो पाइनसारखा, पण त्या कुळातला नाही. ज्यांना आपण सुया म्हणतो त्या बारीक सांधेदार डहाळ्या असतात, आणि खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. फांदी सुकली की या डहाळ्या गळायला लागतात. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या चहात सुरू पडला आणि तो प्रयोग तिथेच संपला.

आता मुख्य गोष्ट, दिव्यांची. २४ डिसेंबरची संध्याकाळ. गोळे, चांदण्या, कापसाचा बर्फ (वेंगुर्ल्यात बर्फ, काय बोलणार!) सगळं लावून झालं. शेवटी वरून माळ गुंडाळली आणि बटण दाबलं. काही नाही. पडवीत सात पाहुणे मोबाइल रोखून उभे. आमची माळ जुन्या पद्धतीची होती. तिच्यात दिवे एकाच वाटेवर एकामागोमाग असतात, एक गेला की पुढची-मागची सगळी बिऱ्हाडं अंधारात. कुठला दिवा गेला ते शोधायचं तर सगळी सजावट उतरवायची. शेजारच्या ख्रिस्ती मावशी येशूजन्माच्या गोठ्याची मांडणी अर्धी टाकून आल्या, एकवार झाडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आदी पेटवन बघ गो, मगे झाडार घाल."

त्यांची पद्धत आता आमचीही झालीय. माळ आधी पडवीत जमिनीवर पसरायची आणि तासभर पेटती ठेवायची. खारी हवा प्लगच्या पिना खाते, म्हणून त्या पुसायच्या. मग बुंध्यापासून फांदीच्या टोकाकडे आणि परत, अशी माळ फिरवायची. ती नीट बसल्यावर मोठे गोळे, मग लहान, आणि कापूस-चमकी सगळ्यात शेवटी. जे नंतर काढायला त्रासाचं, ते आधी तपासायचं आणि आधी लावायचं.

तुम्हाला धंद्याचं हवं होतं ना, तर ऐका. त्याच आठवड्यात आमचा पंप, गॅसची टाकी बदलणं आणि कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणणं, सगळं एकाच मुलाकडे होतं. गुणी मुलगा. शेजारच्या गावात जत्रा होती, तो रात्रभर दशावतार बघून पहाटे आला आणि दुपारपर्यंत झोपला. पाण्याची टाकी रिकामी, स्टेशनवर पाहुणे ताटकळलेले, मी फोन करतेय. त्याला काय बोलणार? जुन्या माळेसारखी सगळी वाट त्याच्यावरून मीच नेली होती. आता पंप मला आणि माझ्या जावेलाही चालवता येतो, आणि दोन रिक्षावाल्यांचे नंबर भिंतीवर लिहिलेत.

तसं या दिव्यांचं मूळही धंद्यातच आहे. पूर्वी झाडावर मेणबत्त्या लावायचे, आग लागेल म्हणून शेजारी पाण्याची बादली. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा भागीदार एडवर्ड जॉन्सन याने स्वतःच्या घरातल्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले, आणि वार्ताहराला बोलावून दाखवले. विजेचा धंदा करणाऱ्याने दिवाणखान्यातच दुकान मांडलं म्हणा ना.

झाड कोलमडू नये म्हणून काय करायचं, हे कोकणातल्या माणसाला मी काय सांगणार? गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधणारी माणसं आपण. नारळ आणि तवसं (मोठ्या काकड्या) मजबूत दांडीला, हलकं कडेला. झाडावर तेच: जड ते बुंध्याजवळ, काचेचं ते पोरांच्या हाताच्या वर. बुडाशी ओल्या वाळूची बादली आणि तिच्यावर अर्धा चिरा, म्हणजे जांभा दगड. चिऱ्यावर लाल कापड टाकलं की पाहुण्याला वाटतं सजावटच आहे.

दुसऱ्या वर्षी वेगळाच घोळ झाला. पुढून झाड झकास दिसत होतं आणि मागची बाजू मी भिंतीकडे म्हणून उघडी ठेवली होती. पण ती भिंत म्हणजे पडवीची जाळीची खिडकी, आणि पाहुणे संध्याकाळी चहा घ्यायला बसतात खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. म्हणजे चार दिवस त्यांनी झाडाची पाठ, वायरींचा गुंता आणि सेलोटेप बघितली. माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण मी कधी खळ्यात बसतच नाही, माझी फेरी स्वयंपाकघर ते पडवी. आता मी आठवड्यातून एकदा पाहुण्यांच्या खुर्चीवर बसून चहा पिते. गटाराचं फुटलेलं झाकण मला तिथूनच दिसलं.

सजावटीच्या सामानाबाबत वूलवर्थची गोष्ट लक्षात ठेवा. अमेरिकेतला हा स्वस्त मालाचा दुकानदार १८८० साली जर्मन काचेचे गोळे घ्यायलाच तयार नव्हता. शेवटी जेमतेम २५ डॉलरचा माल घेतला, तो दोन दिवसांत संपला, आणि पुढे त्याच गोळ्यांवर त्याने बक्कळ कमावलं. मी हे सावंतवाडीच्या लाकडी फळांवर करून बघितलं. चितारआळीतून लहान आंबे, पेरू, चिकू आणले आणि काथ्याने झाडावर टांगले. पाहुणे विचारायला लागले, हे कुठे मिळतं? पुढच्या वर्षी वीस जास्तीचे आणून परडीत ठेवले. अठरा गेले. उरलेले दोन पेरू होते, पेरू कोणी घेत नाही. लगेच दोनशे आणायचा मोह झाला होता, पण आणले तीस. त्यातले नऊ अजून कपाटात आहेत.

सजवायला मात्र सगळ्यांना घ्या. पाहुण्यांच्या पोरांना खालच्या दोन फांद्या देऊन टाका, तिथे काय वाटेल ते लावू देत. वरचा तारा कामवाल्या मुलीच्या हातून लावते, कारण वर्षभर पडवी तीच झाडते.

उतरवायची वेळ ६ जानेवारीनंतर, ख्रिस्ती लोकांचा तीन राजांचा सण झाला की. आमच्याकडे पावसात भिंतींना घाम येतो, आणि पहिल्या वर्षी घाईघाईने पिशवीत कोंबलेली सजावट पुढच्या डिसेंबरात बुरशीची होऊन निघाली. आता गोळे हापूसच्या रिकाम्या पेटीत, आंब्यासारखेच थरांनी लावते. पेंढा वापरत नाही, त्यात उंदीर पिल्लं घालतात. वर्तमानपत्र बरं. माळ पुठ्ठ्यावर गुंडाळते, वायर कधीच गाठवत नाही. पेटी चुलीवरच्या माळ्यावर ठेवते, तिथे धग पोचते.

पेटीच्या झाकणावर मार्करने पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवते. सध्या तिथे आहे: 'निळी माळ बाद. खळ्यातून बघणे. चिरा विहिरीपाशी आहे. पेरू आणू नयेत.'