‘स्थायू द्रावण’ की ‘मिश्रण’?

बिस्मथ या धातूच्या ऑक्सिहॅलाइड (ऑक्सिजन आणि क्लोरीन, ब्रोमीन यांसारखे हॅलोजन असलेल्या) संयुगांवरील एका लेखाचे भाषांतर करताना ‘सॉलिड सोल्यूशन’ या संज्ञेसाठी ‘घन मिश्रण’, ‘मिश्र स्फटिक’ की ‘घन द्रावण’ लिहावे, आणि हाताला कोरडी लागणारी पूड द्रावण कशी म्हणवते, अशी विचारणा झाली आहे. ‘मिश्रण’ येथे चुकीचे ठरते. त्याचे कारण मात्र शब्दकोशापेक्षा स्फटिकाच्या रचनेत शोधावे लागते.

बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, ऑक्सिब्रोमाइड आणि ऑक्सिआयोडाइड या तिघांची रचना एकाच साच्याची, चतुष्कोणीय आणि थरांची आहे. बिस्मथ व ऑक्सिजन यांचा धनभारित थर, त्याच्या दोन्ही अंगांना हॅलाइड, म्हणजे हॅलोजनच्या ऋणभारित, आयनांचे थर, आणि समोरासमोर आलेल्या दोन हॅलाइड थरांमध्ये केवळ क्षीण व्हॅन डर वाल्स आकर्षण, अशी ही मांडणी असते. अभ्रकासारखे पापुद्रे सुटण्याचा आणि ऑक्सिक्लोराइडाच्या मोतिया झळाळीचा उगम यातच आहे. त्या झळाळीमुळे ते सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या क्रमाने आयन मोठा होत जातो, तशी एकक कोष्ठिकेची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घटकाची) उंची सुमारे ७.३७, ८.१० आणि ९.१५ अँगस्ट्रॉम (मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अशी वाढते. तळाची बाजू मात्र ३.८९ वरून ३.९९ पर्यंतच सरकते, कारण बिस्मथ-ऑक्सिजनचा थर फारसा ताणला जात नाही.

आता ऑक्सिक्लोराइड आणि ऑक्सिब्रोमाइड यांच्या पुडी खलात एकत्र घोटल्या, तर क्ष-किरण विवर्तनाच्या, म्हणजे स्फटिकातील अंतरे दाखवणाऱ्या चाचणीच्या, आलेखात दोन्हींची शिखरे आपापल्या जागी, शेजारी शेजारी दिसतात. हे मिश्रण होय. याउलट बिस्मथ नायट्रेटाच्या द्रावणात पोटॅशियम क्लोराइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र घालून साका मिळवला, तर योग्य परिस्थितीत शिखरांचा एकच संच मिळतो आणि तो दोन्ही टोकांच्या मधल्या जागी सरकलेला असतो. हॅलाइडाच्या एकाच प्रकारच्या जागेवर कोठे क्लोराइड, कोठे ब्रोमाइड असे आयन विनाक्रम बसलेले असतात. निम्मे-निम्मे प्रमाण असेल, तर वेगार्डच्या नियमानुसार (कोष्ठिकेचे माप घटकांच्या प्रमाणात बदलते) उंची साधारण ७.७ अँगस्ट्रॉम यावी. ‘द्रावण’ या शब्दाचा आधार हा अणुपातळीवरील एकजिनसीपणा आहे, पातळपणा नव्हे; मीठ आणि पाणी यांच्या द्रावणातही आपण मुळात तोच गुण पाहत असतो. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी १८९० साली ‘घन द्रावण’ ही कल्पना मांडली, तीही याच अर्थाने.

दोन हॅलोजन एकत्र दिसले म्हणजे स्थायू द्रावण झाले, असेही नाही. याच साच्याला ज्याचे नाव मिळाले, ते मॅटलोकाइट हे इंग्लंडमधील मॅटलॉक गावावरून ओळखले जाणारे खनिज म्हणजे शिशाचे फ्लुओरोक्लोराइड. त्यात फ्लुओरीन ऑक्सिजनच्या जागी आणि क्लोरीन हॅलाइडाच्या जागी, असे दोघे आपापल्या थरात नेमलेले असतात, आणि त्यांचे प्रमाणही ठरलेले असते. म्हणून ते संयुगच. प्रमाण सलग बदलू शकणे आणि जागा सामाईक असणे, ही द्रावणाची ओळख आहे.

‘मिश्र स्फटिक’ म्हणता येते, कारण जर्मन भाषेत त्याच अर्थाचा शब्द रूढ आहे. परंतु मराठी वाचकाला त्यातून पुन्हा मिश्रणच ऐकू येते. ‘घन द्रावण’ शास्त्रीय लेखनात चालत आले आहे आणि ते चुकीचे नाही. तरीही स्फटिकांच्या चर्चेत ‘घन’ म्हटले की घनाकृतीची आठवण होते, आणि येथे तर रचना चतुष्कोणीय आहे. शालेय पुस्तकांतून ‘स्थायू, द्रव, वायू’ शिकलेल्या पिढीसाठी ‘स्थायू द्रावण’ मला अधिक निःसंदिग्ध वाटते. कोणताही एक शब्द घेतला, तरी संपूर्ण लेखात तोच ठेवावा.

क्रियापदाबाबतही सावध असावे. ‘ब्रोमीन ऑक्सिक्लोराइडात विरघळते’ असे लिहिले, तर कृतीच चुकीची कळते, कारण आयन एकत्र येतात ते पाण्यात, साका बसताना. त्याऐवजी ‘क्लोराइडाच्या काही जागा ब्रोमाइड घेते’ असे लिहावे. पांढरे ऑक्सिक्लोराइड आणि विटकरी ऑक्सिआयोडाइड यांच्या दरम्यानच्या रंगछटांविषयी लिहिताना ‘रंग मिसळतात’ हेही टाळावे; प्रकाश शोषण्यासाठी लागणारी ऊर्जा प्रमाणानुसार क्रमाने बदलत जाते, म्हणून ‘रंग पालटत जातो’ हे अधिक नेमके आहे.