सही करण्यापूर्वी

चि. …,
अनेक आशीर्वाद.

न पटणाऱ्या अहवालावर सही करण्याची वेळ तुझ्यावर आली आहे, आणि संस्थेने अंतिम निर्णय दिल्यावर आपली जबाबदारी संपते का, असे तू विचारले आहेस. माझ्या मते ती संपत नाही. मात्र सहीला नकार देण्यापर्यंत कोणत्या वाटेने जावे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पीटर बक्स्टन यांचे उदाहरण पाहा. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ पासून अलाबामातील टस्कीगी परिसरात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना केवळ निरीक्षणाखाली ठेवले होते आणि पेनिसिलिनचा खात्रीचा उपचार उपलब्ध झाल्यावरही, रोग कुठवर जातो हे पाहण्यासाठी, त्यांना तो दिला नाही. त्याच सेवेत नोकरी करणाऱ्या बक्स्टन यांनी हे कानावर आल्यावर आधी कागदपत्रे मिळवून वाचली, न्यूरेंबर्ग येथील नाझी डॉक्टरांच्या खटल्याशी ती ताडून पाहिली आणि १९६६ मध्ये लेखी हरकत घेतली. वरिष्ठांनी त्यांना बोलावून खडसावले. १९६८ मध्ये त्यांनी पुन्हा लिहिले, तर पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या समितीने अभ्यास चालू ठेवण्याचा कौल दिला. पदे, पदव्या, कार्यपद्धती सारे यथास्थित होते, आणि निर्णय घोर अन्यायाचा होता. अखेर त्यांनी माहिती पत्रकारांना दिली. १९७२ मध्ये बातमी छापून आली आणि त्याच वर्षी तो अभ्यास थांबला. इतकी वर्षे लागणे योग्य होते, असे मी म्हणणार नाही, कारण तेवढा काळ ती माणसे उपचाराविना राहिली.

मनाची अस्वस्थता हा पुरावा नव्हे. ती दुखावलेल्या अहंकारातूनही येते. म्हणून तथ्य काय आहे, नुकसान नेमके कोणाचे होणार आहे आणि काय कळले तर तू मत बदलशील, हे लिहून काढ. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो विवेक नसून हट्ट आहे.

यशाची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. ‘चॅलेंजर’ या अमेरिकी अवकाशयानाच्या उड्डाणाला रॉजर बॉइजोली आणि त्यांच्या सहकारी अभियंत्यांनी आदल्या रात्री, थंडीत रॉकेटचे सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्या निकामी होतील या कारणाने, विरोध केला होता. तो डावलला गेला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी सात अंतराळवीर प्राणांस मुकले. तरीही त्या रात्री बोलणे हेच त्यांचे कर्तव्य होते.

तुझी हरकत लेखी दे, तिची प्रत स्वतःजवळ ठेव, आणि समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत त्या अहवालावर सही करू नकोस.

तुझा हितचिंतक