सकाळी आयई, रात्री काहीच नाही

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळला राहतो, १६ मजली बिल्डिंग आणि आमचा फ्लॅट अगदी टॉपला. फ्रंट लोड वॉशिंग मशीन आहे, ५ वर्षं झाली, कधी काही त्रास नव्हता. पण दीड महिना झाला, सकाळी मशीन लावलं की थोड्या वेळात पीं पीं वाजायला लागतं, स्क्रीनवर आयई येतं आणि थांबतं ते थांबतंच. बंद करून परत चालू केलं की कधी चालतं कधी नाही. रात्री ११ला लावलं तर मात्र एकदाही आलं नाही. मेकॅनिक येऊन गेला, मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय म्हणाला, साडेसहा हजार सांगितले. मिस्टर म्हणतात त्यापेक्षा नवीनच घेऊ. सध्या टँकरचं पाणी येतं म्हणून शेजारच्या वहिनींनी सांगितल्यावर नळाला फिल्टर पण बसवलाय, तरी असं का होतंय? बोर्ड बदलू का?

उत्तर : ताई, बोर्डाला हात लावू नका. तुम्ही पत्रात जे सहज लिहून गेलात ना, सकाळी येतं आणि रात्री येत नाही, तिथेच उत्तर आहे. बोर्डाला सकाळ-रात्र कळत नाही हो. बिल्डिंगमधल्या पाण्याला कळते.

आयई म्हणजे ठरलेल्या वेळात टबमध्ये पुरेसं पाणी आलं नाही, एवढंच. काही कंपन्यांच्या मशीनवर हेच ४सी किंवा ४ई असं येतं, काहींवर सरळ टॅप असं लिहून येतं, अर्थ तोच. टबाच्या खालून एक बारीक रबरी नळी वर प्रेशर सेन्सरला गेलेली असते, टबमध्ये पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि त्यावरून मशीनला पाणी किती आलं ते कळतं. मशीन घड्याळ लावून वाट बघतं, वेळ संपली आणि पाणी कमी असलं की कोड टाकून मोकळं. कोडचा अर्थ पार्ट गेला असा होत नाही, मशीनला काय कमी पडलं एवढंच तो सांगतो, का कमी पडलं ते आपण शोधायचं.

आता तुमचा टॉप फ्लोअर. लोकांना वाटतं टाकी डोक्यावर आहे म्हणजे आपल्याला पाणी जोरात, पण असतं उलटं. साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार (बार म्हणजे प्रेशर मोजायचं माप) प्रेशर मिळतं, आणि तुमच्या नळापासून टाकी असेल फार तर ३-४ मीटर वर, म्हणजे ०.३ ते ०.४ बार, तेही बाकी सगळे नळ बंद असताना. खालच्या मजल्यांना ४ बारच्या वर जातं म्हणून तिथे प्रेशर कमी करायचे व्हॉल्व्ह लावावे लागतात आणि तुमच्याकडे मात्र धार! काही मशीनना ०.३ बार पुरतं, काहींना ०.५ किंवा १ लागतं, तुमच्या मॅन्युअलमध्ये इन्स्टॉलेशनच्या पानावर हा आकडा असेल तो बघा. सकाळी ७ ते ९ सगळी बिल्डिंग आंघोळीला, एकाच पाइपवरून सगळे पाणी ओढतात, तेव्हा तुमच्या वाट्याला जे येतं त्यात टब वेळेत भरत नाही. रात्री ११ला सगळे झोपले की भरतो.

पण ५ वर्षं चाललं मग आत्ताच का, हा खरा प्रश्न आणि मला संशय आहे तो त्या नवीन फिल्टरवर. वहिनींनी चांगल्या मनानेच सांगितलं, फिल्टर वाईट नाही, पण प्रेशर आधीच जेमतेम असताना त्याची वाट आणखी अरुंद होते, आणि टँकरच्या गाळाने कार्ट्रिज, म्हणजे फिल्टरच्या आतली गाळणी, भरलं की विचारूच नका. शिवाय मशीनच्या मागे पाइप जिथे बसतो तिथे आत बोटाच्या पेरापेक्षा लहान एक प्लास्टिकची जाळी असते, ती ५ वर्षांत कुणी काढलीच नसेल. मी अशा कितीतरी जाळ्या काढल्यात, वर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी गाळ बसलेला असतो आणि त्याच्या खाली बोअरच्या पाण्याचा पांढरा कडक थर, उजेडाला धरली तर अर्धी भोकं दिसतच नाहीत.

आता करायचं काय तर मशीनचा प्लग काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. नळ बंद करा, खाली फडकं ठेवा आणि मशीनच्या मागचा पाइप हाताने फिरवून सोडवा. जाळीला मधे पकडायला छोटी दांडी असते, पकडीने धरून हळूच सरळ बाहेर ओढा, तिरकी ओढली तर तुटते. जुन्या टूथब्रशने घासा, पांढरा थर जात नसेल तर थोडा वेळ व्हिनेगरमध्ये ठेवा, बुडबुडे आले की समजायचं थर विरघळतोय. जाळी परत बसवायची मात्र विसरू नका, नाहीतर गाळ थेट मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये जातो आणि मग खरंच खर्च निघतो. पाइपातला रबरी वायसर पण जागेवर आहे ना बघा.

पाइप मोकळा आहेच तर त्याचं तोंड १० लिटरच्या बादलीत सोडा आणि सकाळी ८ वाजता मोबाइलवर वेळ लावा. मिनिटाला साधारण ८ लिटर तरी यायला हवं, म्हणजे बादली सव्वा मिनिटात भरायला हवी. एकदा फिल्टर लावून भरा, एकदा काढून. दोन्ही वेळा लिहून ठेवा, फरक तुम्हालाच दिसेल. फिल्टर काढल्यावर जोर आला तर कार्ट्रिज बदला किंवा मोठ्या तोंडाचा फिल्टर घ्या. फिल्टर काढूनही २-३ मिनिटं लागत असतील तर तो प्रॉब्लेम तुमच्या घरातला नाहीच, बादलीचा आकडा घेऊन सोसायटीच्या कमिटीकडे जा, वरच्या २-३ मजल्यांसाठी गच्चीवर छोटा प्रेशर पंप बसवतात, बऱ्याच टॉवरमध्ये असतो. तोपर्यंत रात्रीच लावा, मशीनला त्याने काही होत नाही.

अजून एक गोष्ट नक्की बघा, मशीनचा पाणी बाहेर टाकायचा पाइप कुठे सोडलाय? खूप घरांत तो बाथरूमच्या जमिनीवर नुसता टाकलेला असतो. त्याचं टोक साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवर अडकवलेलं पाहिजे, खाली पडलेलं असेल तर भरता भरताच पाणी बाहेर ओढलं जातं आणि टब कधी भरतच नाही, तेव्हाही आयईच येतो. मशीन पाणी घेत असताना मोरीजवळ उभं राहून ऐका, पाणी पडल्याचा आवाज आला तर तेही कारण सापडलं.

हे सगळं करून, बादली वेळेत भरत असूनही कोड आला तर मग मेकॅनिकला बोलवा आणि आधी इनलेट व्हॉल्व्ह मीटरने तपासायला सांगा, व्हॉल्व्हमधल्या आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या कॉइलला बहुतेक ४ किलोओहमच्या आसपास रीडिंग येतं, काहीच रीडिंग नसेल तर कॉइल गेली, आणि व्हॉल्व्ह बोर्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो. त्यानंतर प्रेशर सेन्सर आणि त्याची नळी. बोर्ड सगळ्यात शेवटी. जो माणूस नळ उघडून न बघता साडेसहा हजार सांगतो त्याला परत बोलवू नका असं मी स्पष्ट सांगेन, कष्टाचे पैसे आहेत ते. आणि ५ वर्षांचं चांगलं मशीन भंगारात घालायची तर अजिबात घाई नको, मिस्टरांना बादलीचा प्रयोग स्वतः करू दे.

प्रश्न : खारघरला राहतो, पावसात लाईट गेली की मशीनचा दरवाजा लॉकच राहतो आणि कपडे आत भिजत पडतात, जोर लावून उघडलं तर चालेल का?

उत्तर : नाही दादा, जोर लावला तर हँडल तुटतं. काही मशीनचं लॉक लाईट गेल्यावर २-३ मिनिटांत थंड होऊन आपोआप सुटतं, काहींचं लाईट येईपर्यंत तसंच राहतं. प्लग काढा आणि काचेतून पाणी किती आहे ते आधी बघा. काचेत पाणी दिसत असेल तर मशीनच्या पुढे खाली असलेल्या छोट्या झाकणामागची छोटी नळी ताटलीत सोडून पाणी काढून घ्या, गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावला असेल तर निवेपर्यंत थांबा, भाजतं. त्याच झाकणामागे बऱ्याच मशीनला ओढायची एक पट्टी असते, पाणी गेल्यावर ती खाली ओढली की दरवाजा सुटतो.